दोनशे छत्तीस चेंडू

मराठवाड्यात क्रिकेट चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले क्रिकेट संघटक, निवडकर्ते, प्रशिक्षक आणि शाळा-कॉलेजांचे क्रीडाशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण संध्याकाळचे पाच वाजले की पाय आपोआप मैदानाकडे वळतात. शाळेच्या मागे सिमेंटची एक विकेट आहे. तिच्यावर मॅट अंथरून, कडेला खिळे ठोकून आम्ही नेट लावतो. तिथं मी पोरांचा एक खेळ घेतो, त्याचं नाव 'दोनशे छत्तीस'. माझ्या डाव्या खिशात चिंचोके असतात. बॅट्समन एक चेंडू खेळला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. आउट झाला की उजवा खिसा रिकामा करायचा, मोजायचं आणि वहीत लिहायचं. धावा मोजत नाही. चौकार मारला तरी एकच चिंचोका, सोडून दिला तरी एकच.

नवं पोरगं पहिल्याच दिवशी विचारतं, "सर, दोनशे छत्तीसच का?" मग मी मॅटच्या कडेला बसून गोष्ट सांगतो. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतोय, कारण तिच्यात माझं एक मागणं आहे आणि ते पोरांकडे मागून उपयोग नाही.

तारीख २२ ऑगस्ट २००२. इंग्लंडात लीड्सला हेडिंग्लेचं मैदान. मालिकेत आपण एक-शून्यने मागे. आभाळ भरून आलेलं, खेळपट्टीवर हिरवळ, आणि गांगुलीने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. आमच्याकडं ते भारनियमनाचे दिवस. स्टँडसमोरच्या एका हॉटेलात जनरेटर होता, म्हणून मी आणि शाळेतले दोघं सहकारी तिथं जाऊन बसलो. सेहवागबरोबर सलामीला उतरला संजय बांगर. हॉटेलवाल्यानं विचारलं, "सर, हा आपल्या बीडचा ना?" मी म्हणालो, "हाव, आपल्या बीडचाच." तो गल्ला सोडून टीव्हीसमोर येऊन उभा राहिला.

सेहवाग लवकर गेला. त्यानंतर द्रविड आणि बांगरने जे केलं ते बघायला देखणं नव्हतं. चेंडू बॅटच्या कडेजवळून जातोय, पॅडवर आदळतोय, बरगडीकडे येतोय. बांगर ऑफ स्टंपबाहेरचा सोडून देतो, क्रीजमध्ये दोन पावलं फिरतो, पुन्हा गार्ड घेतो. तास गेला, दोन तास गेले. चहा किती वेळा आला ते आठवत नाही. दुसऱ्या विकेटसाठी १७० धावा झाल्या. बांगरच्या ६८, आणि त्या ६८ साठी तो २३६ चेंडू खेळला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. द्रविडच्या १४८, तेंडुलकरच्या १९३, गांगुलीच्या १२८, आठ बाद ६२८ वर डाव घोषित, आणि एक डाव ४६ धावांनी विजय. मालिका शेवटी एक-एक अशी बरोबरीत सुटली.

लोकांच्या लक्षात राहिलं ते तेंडुलकरचं ब्रॅडमनला मागे टाकणारं तिसावं शतक, आणि संपत्या उजेडात त्याने आणि गांगुलीने केलेली धुलाई. ते राहणारच. पण पहिल्या दुपारी आपली चार माणसं परत आली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, हे हातात बॅट धरलेल्या प्रत्येकाला कळतं. नवा चेंडू कुणीतरी जुना करायचा असतो. तो आपल्या बीडच्या माणसाने केला, आणि दुसऱ्या डावात इंग्लंडच्या दोन विकेटही काढल्या.

बांगरचा जन्म ११ ऑक्टोबर १९७२ चा, बीडचा. वयाने तो माझ्याहून लहान, म्हणून एकेरी लिहितो. आदर तसूभरही कमी नाही. बहात्तर साल म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी चौथीत होतो. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, शाळेत सुकडी मिळे आणि घरी मिलोच्या लाल भाकरी. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, जनावरं मिळेल त्या भावात बाजारात जात होती. त्या वर्षी या गावात जन्मलेला माणूस तिशीच्या उंबरठ्यावर हेडिंग्लेला दिवस काढून दाखवतो, यात मला गंमत वाटत नाही, मला त्यात आपली माणसं दिसतात. टिकून राहणं आपल्याला शिकवावं लागत नाही. टिकायला जागा मात्र लागते.

ती जागा त्याला कुठं मिळाली, याकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या लहान वयोगटांच्या संघांतून तो खेळला. मोठ्या क्रिकेटचं दार उघडलं ते रेल्वेच्या क्रिकेट संघानं, १९९३-९४ च्या मोसमात. बीड शहरात तेव्हा रेल्वे नव्हती. ती यायला २०२५ चा १७ सप्टेंबर, आपला मुक्तिसंग्राम दिन उजाडावा लागला. ज्या गावात इंजिनाची शिट्टी ऐकू येत नव्हती, त्या गावात जन्मलेला माणूस वीस मोसम रेल्वेच्या नावाने खेळला. हे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मला स्वतःला मात्र दर वेळी थोडं लागतं.

रेल्वेच्या संघात तेव्हा मोठी नावं नव्हती. नोकरी होती, महिन्याचा पगार होता, आणि चार-चार दिवसांचे सामने होते. सकाळी नवा चेंडू खेळायचा, दुसऱ्या दिवशी वाऱ्याच्या तोंडावर पंधरा-वीस ओव्हर टाकायच्या, तिसऱ्या दिवशी दुखऱ्या पाठीनं पुन्हा पॅड बांधायचे. वर्षानुवर्षं हे केलं की ऑलराउंडर घडतो, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. २०००-०१ ला रेल्वे रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हरली. पुढच्याच मोसमात त्याच बडोद्याला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकली आणि २००४-०५ ला पुन्हा जिंकली. त्या पिढीचा बांगर हा मोठा आधार. जानेवारी २०१३ मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर १६५ प्रथम श्रेणी सामने, ८,३४९ धावा आणि बरोबर ३०० विकेट होत्या. यातली एक बाजू एखाद्याला जमते. दोन्ही बाजू इतकी वर्षं ओढणारे आपल्या देशात फार थोडे झाले.

भारतासाठी त्याचा पहिला सामना डिसेंबर २००१ चा, मोहालीला, इंग्लंडविरुद्ध. या सामन्याबद्दल मराठवाड्यात कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. त्याच सामन्यात आपल्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला जन्मलेला इक्बाल सिद्दिकीही पहिल्यांदा भारताची टोपी घालून उतरला. मराठवाड्यात जन्मलेली दोन माणसं एकाच सकाळी कसोटीपटू झाली! शेवटी जिंकायला फक्त पाच धावा हव्या होत्या, तेव्हा गोलंदाज असलेल्या सिद्दिकीला सलामीला पाठवलं, आणि आपण दहा विकेटनी जिंकलो. सिद्दिकीला त्यानंतर दुसरी कसोटी मिळाली नाही. आपल्या जिल्ह्यांच्या मैदानांवर या दिवसाची एक साधी पाटीसुद्धा मी पाहिलेली नाही.

बांगरने पुढच्याच कसोटीत, फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध खालच्या नंबरावर येऊन नाबाद १०० केल्या. मग हेडिंग्ले, आणि वर्षाअखेरीला न्यूझीलंडचा तो दौरा, जिथं भले भले बॅट्समन हिरव्या विकेटवर पत्त्यासारखे कोसळले. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात तो होता. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, त्याला एकही सामना मिळाला नाही. एकूण हिशेब १२ कसोटी, ४७० धावा, ७ विकेट, आणि १५ वनडे. आकडे लहान आहेत, मला मान्य आहे. एका मोठ्या फॉर्मातल्या संघात सातवा-आठवा नंबर किंवा कुणी नको म्हटलेली सलामी, यांपैकी जे येईल ते त्याला करावं लागलं. तरी माझ्या लेखी त्याच्या १२ कसोटींतली ती एक खेळी कित्येकांच्या शंभर सामन्यांना भारी आहे, आणि हे मी केवळ बीडचा म्हणून लिहीत नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याचं काम याहून मोठं झालं. २०१४ मध्ये तो पंजाबच्या आयपीएल संघाचा प्रशिक्षक होता. तो संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेला आणि बंगळुरूला कोलकात्याकडून हरला. पंजाबला पुन्हा अंतिम सामना बघायला २०२५ पर्यंत थांबावं लागलं. त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडात कसोटी मालिका हरल्यावर, भारतीय संघाच्या बॅटिंगची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्या मालिकेत कोहलीने दहा डावांत १३४ धावा केल्या होत्या. चार वर्षांनी त्याच इंग्लंडात कोहलीने ५९३ केल्या. मेहनत कोहलीची, सल्ले अनेकांचे, हे खरं. पण ही चार वर्षं नेटमध्ये रोज त्याच्यासमोर उभा असलेला बॅटिंग कोच बांगर होता. मधे २०१६ ला झिम्बाब्वेत आणि २०१७ ला मुख्य प्रशिक्षक कुंबळे पायउतार झाल्यावर वेस्ट इंडीजमध्ये संपूर्ण संघ त्याच्या हवाली होता.

मला सगळ्यांत प्रिय आहे तो २०१८-१९ चा ऑस्ट्रेलिया दौरा. आपण तिथं पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकलो. पुजाराने ५२१ धावा केल्या, हे सगळे सांगतात. तो १,२५८ चेंडू खेळला, हे मी पोरांना सांगतो. मग एखादं हुशार पोरगं लगेच भागाकार करतं, "सर, म्हणजे पाच दोनशे छत्तीस झाले की!"

२०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामना हरलो. त्यानंतर गोलंदाजीचा आणि क्षेत्ररक्षणाचा कोच कायम राहिला, एकटा बॅटिंग कोच बदलला. चौथ्या नंबरला कोण, हा घोळ त्या संघात दीड-दोन वर्षं चालू होता आणि त्याचं खापर एका माणसाच्या डोक्यावर फुटलं, असं माझं तेव्हाही मत होतं. पुढे बंगळुरूच्या आयपीएल संघाचा तो दोन मोसम मुख्य प्रशिक्षक होता, २०२२ ला ते दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेले. हिंदी कॉमेंट्रीत त्याचा आवाज ऐकला असेल तुम्ही. चेंडू पडायच्या आधी बॅट्समनचा खांदा कुठे होता हे तो सांगतो. ही नजर रणजीच्या लांबच लांब दिवसांतून येते.

आता माझ्या मैदानाकडे येतो.

आपल्या भागात पोरं नाहीत असं कुणी म्हणू नये. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ धावा केल्या आणि पुढे भारताच्या युवा संघाचा कप्तान झाला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या युवा विश्वविजेत्या संघात होता, तोही वेगाने चेंडू टाकणारा आणि लांब षटकार मारणारा. २०२४ च्या युवा विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात २४५ चा पाठलाग करताना आपले चार बाद ३२ झाले होते. तिथून उदय सहारनबरोबर १७१ ची भागी करत बीडच्या सचिन धसने ९६ काढले. त्या रात्री आमच्या गावात लोकांनी दिवाळीतले उरलेले फटाके वाजवले. अवघ्या चार धावांनी शतक हुकलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेली आजी, जिला क्रिकेट कळत नाही, तीसुद्धा हळहळली.

झोलच्या ४५१ कडे जरा नीट बघा. ते वीस ओव्हरच्या सामन्यात होत नसतात. पोराला दोन दिवस बॅटिंग करायला मिळाली म्हणून ते झाले. माझ्या तालुक्यात आज सोळा वर्षांचं पोरगं वर्षभरात पंचवीस-तीस सामने खेळतं. त्यातले बहुतेक टेनिस बॉलवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नावाने भरलेल्या चषकाचे, सहा किंवा आठ ओव्हरचे. बक्षिसाला रोख रक्कम आणि फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो. लेदर बॉलवरचा सामना आलाच तर वीस ओव्हरचा. एका डावात शंभर चेंडू खेळायची संधी या पोराला मिळतच नाही, मग त्याच्या अंगात दोनशे छत्तीस आहेत की नाहीत हे कळणार कसं?

एक प्रसंग लिहितो. कुठे आणि कुणाकडे घडला ते लिहीत नाही, कारण मला कुणाला उघडं पाडायचं नाही. माझ्याकडचं एक पोरगं निवड चाचणीला नेलं होतं. पहाटे साडेचारला निघालो, एसटी बदलत पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. तीनशेच्या वर मुलं, तीन नेट. फॉर्मवर एक रकाना होता, बॅट्समन किंवा बॉलर, दोन्हीपैकी एकावर खूण करायची. पोरानं दोन्हींवर केली. टेबलावरच्या माणसानं वर न बघता विचारलं, "नक्की काय तू?" पोरगं म्हणालं, "दोन्ही, सर." त्यानं बॅट्समन खोडलं. दुपारी दोनला त्याचा नंबर आला. सहा चेंडू टाकायला मिळाले. सहावा टाकून तो मागे वळला तर पुढचा मुलगा रनअपला उभा होता. परतीच्या गाडीत त्यानं मला एवढंच विचारलं, "सर, बॅटिंग बघितलीच नाही त्यांनी, मग त्यांना कसं कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सहा चेंडूंत बांगर सापडला असता का, सांगा. त्याचा वेग बेताचा, फटके मोजके. तीनशे मुलांच्या गर्दीत असला मुलगा दुपारी तीनलाच घरी पाठवला जातो. त्याची किंमत चौथ्या तासाला कळते, म्हणून त्याला चौथा तास द्यावा लागतो.

आता टर्फबद्दल, म्हणजे मातीच्या विकेटबद्दल. मॅटवर चेंडू एकसारखा आणि उंच उसळतो. पोरं आडवी बॅट चालवायला शिकतात आणि त्यांना वाटतं आपण तयार झालो. पहिल्यांदा टर्फवर गेली की चेंडू खाली राहतो आणि घोट्यावर बसतो. पायांत स्पाइक्स नवे, त्यामुळे बॉलरचा पाय कुठे पडेल ते त्यालाच कळत नाही. मी नेलेल्या चौदा-पंधरा पोरांचा पहिला टर्फचा दिवस असाच गेला, आणि नेमका तोच दिवस त्यांच्या परीक्षेचा होता. ज्या काळ्या मातीत आपण कापूस पिकवतो, ती चिकणमाती पाणी देऊन रोलरखाली दाबली की दगडासारखी बसते. देशभर अशा मातीच्या विकेट करतात. माती आपल्या पायाखाली आहे आणि आपली पोरं मात्र सिमेंटवर खेळतात.

पाण्याचा प्रश्न तुम्ही काढाल, आणि काढायलाच हवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. मी तेव्हा न्यायालयाच्या बाजूचा होतो, आजही आहे. घागरीसाठी रांगेत उभ्या बाईसमोर विकेटवर पाईप सोडायची माझी छाती नाही. म्हणून उन्हाळ्याचं पाणी मी मागतच नाही. पाऊस झाल्यावर विहिरींना, बंधाऱ्यांना पाणी असतं, ते सप्टेंबर ते जानेवारी. तेवढ्या काळापुरत्या जिल्ह्यात दोन टर्फ विकेट जिवंत ठेवा, एक जिल्ह्याच्या गावी आणि एक लांबच्या तालुक्यात. फेब्रुवारीत त्या झाकून टाका. रोलर ओढायला पोरं येतील, त्याची हमी माझी.

त्या विकेटवर दोन दिवसांचे, दोन डावांचे सामने भरवा. चौदा आणि सोळा वर्षांच्या गटात प्रत्येक मुलाच्या वाट्याला मोसमात निदान चार असे सामने यावेत. निवड त्या सामन्यांतून करा. निवडकर्त्यांनी खुर्ची घेऊन दोन दिवस बसावं, स्कोअरबुकात चेंडूंचा रकाना बघावा. आणि फॉर्मवरचा तो रकाना काढून टाका. चौदाव्या वर्षी कुणी बॅट्समन नसतं आणि कुणी बॉलर नसतं. आपल्या गल्लीत प्रत्येक पोरगं दोन्ही करतं, विकेटमागेही उभं राहतं. आपण मोठी माणसंच त्याला कापून अर्धं करतो.

शेवटचं मागणं तारखांचं आहे, आणि माझ्यासाठी ते सगळ्यांत मोठं आहे. तुम्हाला ठाऊक आहे, दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि मागे घर बघणारं कुणी नसलं की लेकरंही गाडीत. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, परत यायला मार्च-एप्रिल होतो. क्रिकेटचा मोसमही नेमका तोच. दिवाळीनंतर सामने लागतात तेव्हा माझ्या नेटमधली सहा-सात पोरं फडात असतात.

यंदा माझ्याकडे असंच एक पोरगं आहे. पंधरावं लागलंय. उजव्या हाताने मध्यमगती टाकतो, चेंडू शेवटी जरा आत येतो. बॅटिंगला उभा राहिला की डोकं हलत नाही. ऑगस्टमध्ये दोन संध्याकाळी मिळून तो १६३ चिंचोके खेळला. वहीतला आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा तो आहे. आउट झाला नाही, अंधार पडला. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तिसऱ्या दिवशी कपाशीच्या खुरपणीला गेला. त्याला रोज विचारतो, तो म्हणतो, "सर, माझे तिथूनच मोजा, एकशे चौसष्टपासून." गेल्या वर्षी तो जानेवारीत बैलगाडीमागे वाढं गोळा करत होता. फोनवर आईच्या हातून फोन घेऊन त्यानं मला विचारलं होतं की सामने संपले का.

चाचण्या आणि दोन दिवसांचे सामने दसऱ्याच्या आत घ्या. पावसाने एखादा बुडेल, बुडू द्या, पुन्हा खेळवू. निवड झालेल्या मुलाला मोसमभर जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात ठेवायची, शाळेची आणि जेवणाची सोय संघटनांनी मिळून करा. त्यासाठी एखादा टेनिस बॉलचा चषक कमी झाला तर गावाचं काही बिघडणार नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांची रणजी खेळलेल्या माणसांशी ओळख आहे, त्यांनी अशा एखाद्याला आठ दिवस आमच्यासारख्या तालुक्यात पाठवावं. संजय बांगरपर्यंत हा निरोप कुणाला पोहोचवता आला तर अवश्य पोहोचवा. येता येईल तेव्हा त्याने यावं, त्याच्या गावापासून आम्ही फार लांब नाही.

आमच्या गावची टोळी यंदा भाऊबिजेनंतर निघणार असं मुकादम म्हणतो आहे. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी-रविवारी मी आमच्याच मॅटवर दोन दिवसांचा सामना ठेवला आहे. शेजारच्या दोन तालुक्यांची पोरं येणार आहेत, अंपायर म्हणून दोन जुने शिक्षक तयार झालेत. लेदर बॉल चार आणलेत, स्कोअर लिहायला एक मुलगी आहे, ती चेंडू अचूक मोजते. तो मुलगा सलामीला जाईल आणि नवा चेंडूही तोच टाकेल. सामना सकाळी साडेआठला सुरू होईल. तुमच्यापैकी कुणी यायचं ठरवलं तर आदल्या दिवशी कळवा. एसटीने आलात तर स्टँडवर घ्यायला येतो, जेवण माझ्या घरी. दोन्ही दिवस थांबायच्या बेताने या.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
जिल्हा बीड